किती ग्राव

खोल्यात, एप्रिल सरता सरता,
बोंडवांचा शेवटचा ढीग कोळंबीत तुडवून झाला होता
तेव्हा पास्कू आला. दोन वर्षं बोटीवर होता.
पिशवीतून काढला खाकी कागदाचा पुडा.
"सुवा बंदरात घेतला. मुळांची पूड.
तिथं हेच पितात. सांग तुळशे, किती ग्राव?"

माझ्या हातात सासऱ्याच्या वेळची काचेची नळी.
हुर्राकात ती चौदा-पंधरावर डोलते,
पहिल्या धारेचा असेल तर सतरा.
पुन्हा भाटीत चढवला की फेणी, एकोणीस, वीस.
सासरा एकविसाचा काजुलो काढायचा,
थेंबभर विस्तवावर शिंपडायचा,
निळा जाळ उठला की म्हणायचा,
बघ, चुलीलाही चव कळते.

पास्कूला विस्तव नको होता.
त्याने मागितलं गार पाणी, आईचं जुनं नेसण,
आणि परात.
पूड कापडात बांधून मळत बसला,
कपडे धुवायला बसल्यासारखा, घाई नाही,
आणि बोलत राहिला:
बारीक मुळं कडक, बुंध्याचा गड्डा मवाळ,
ओली कुटलेली एक तऱ्हेची, वाळवलेली दुसरी,
पहिलं पाणी पाहुण्याला, दुसरं घरच्यांना,
तिसरं म्हणजे नुसती आठवण.
पूर्वी पोरी चावून द्यायच्या म्हणे.
शांबा म्हणाला, "मग आमची म्हातारी काय वाईट होती,
पानाचं तोबरं भरून!"

परातीत पावसाळ्यातल्या ओहोळासारखं गढूळ पाणी.
मी नळी सोडली.
दहा.
दहा म्हणजे साधं पाणी, विहिरीतलं.
मग तीही किंचित वर उचलली गेली, नऊच्या रेघेवर,
जणू कुणी खालून बोट लावलंय.
"पास्कू, तुला फसवलं रे," मी म्हटलं.
तो हसला. करवंटी बुडवली,
एक टाळी वाजवली, एका दमात प्यायला,
मग तीन टाळ्या.

माझी पाळी आली. चव मातीची, मिऱ्याची,
नांगरटीत तोंडावर पडल्यासारखी.
मग ओठ गेले. जीभ गेली.
लहानपणी दाढ दुखली तेव्हा
आजोबांनी अक्कलकारा चघळायला दिला होता,
तसं तोंड, माझं असून परकं.
पाय जडावले, डोकं मात्र धुतलेल्या पाटीसारखं लख्ख.

शांबाने तीन करवंट्या घेतल्या.
तिसऱ्या पेल्यानंतर त्याचा आवाज चढतो,
हे खोल्यातली कुत्रीसुद्धा ओळखतात.
भावाशी मेरेचं भांडण, सतरा वर्षांचं,
दर मोसमात याच भाटीशी पुन्हा उकळतं.
मी वाट पाहत राहिले.
तो माडाकडे बघत बसला.
बऱ्याच वेळाने बधिर ओठांनी म्हणाला,
"तो दगड मीच हलवला होता. दोन हात."
एवढंच. कुणी काही बोललं नाही.
भाटीखालचा निखारा तेवढा तडकला.

आणि पास्कू, जो येऊन तासभर बोटीवरच्या गोष्टी सांगत होता,
तो परातीच्या काठावरून बोट फिरवत म्हणाला,
आई गेली तेव्हा मी विषुववृत्ताच्या पलीकडे होतो.
मेसमनने यादी वाचली तशी बातमी वाचली.
हे नेसण तिचं म्हणून आणलं मळायला,
तिचा हात लागावा म्हणून, दुसरं काय.

मी परातीत हात घातला.
कापड जडावलेलं होतं, मी ते पिळलं.
दुसरं पाणी फिकट निघालं.
तेही आम्ही वाटून घेतलं.

सकाळी भाटी पेटवली.
शांबाचं डोकं दुखत नव्हतं, याचाच त्याला राग.
वहीत मी नेहमीसारखी रेघ ओढली:
हुर्राक, पंधरा. फेणी, एकोणीस.
त्याखाली लिहिलं, पास्कूची मुळी,
आणि पुढची जागा भरायला
नळी धुवून, पुसून, उन्हात धरली.

मेरेकडून दगड घासल्याचा आवाज येत होता.
परात अजून ओट्यावर होती.
मी दुसरं पाणी प्याले होते,
पण टाळ्या वाजवायच्या राहिल्या होत्या.